रे रोडचे ‘रे’ आणि मुंबईच्या प्राथमिक शाळेतील ‘कृती’चा इतिहास

१/
हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन आणि डॉकयार्ड रोड यांच्या मध्ये रे रोड हे स्थानक लागते. भोवती बंदराची गोदामे, दारूखान्यातील भंगाराची दुकाने, जुन्या जहाजांचे सुटे भाग. ज्यांच्या नावाने हा रस्ता आणि हे स्थानक ओळखले जाते, त्या लॉर्ड रे यांचा मुंबईच्या प्राथमिक शाळेशी जवळचा संबंध आहे. मुलाने वर्गात स्वतःच्या हातांनी काही करून शिकावे, या कल्पनेचा या शहरातील प्रवास सांगणारा हा थ्रेड.

२/
आजचा तिसरीचा एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. कोपऱ्यात खोट्या नोटांचे दुकान मांडले आहे. एक मूल दुकानदार, बाकीची गिऱ्हाईके. कुणी भावांचा फलक लिहितो, कुणी बिलाची बेरीज करतो, कुणी भाजी कुठल्या गावाहून आली ते विचारतो. एकाच खेळात भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे तीन विषय येऊन जातात. शिक्षणाच्या परिभाषेत याला ‘कृतियुक्त अध्ययन’ म्हणतात. अनेकांना ही गेल्या वीस वर्षांतील नवलाई वाटते.

३/
वास्तविक ही कल्पना मुंबईत निरनिराळ्या रूपांनी वारंवार आली, काही काळ रुजली आणि पुन्हा मागे पडली. प्रत्येक वेळी दोन प्रश्नांनी तिचे भवितव्य ठरवले. पहिला प्रश्न हिशेबाचा : एका शिक्षकासमोर मुले किती आणि साहित्याला पैसे कोण देणार? दुसरा प्रश्न अधिक अवघड : मुलाच्या हाताला शिकवायचे ते त्याच्या बुद्धीला वाट मिळावी म्हणून, की मोठेपणी त्याने बापाचेच काम करावे म्हणून?

४/
आरंभ जुन्या पंतोजींच्या शाळेपासून करावा लागतो. तेथे कागद महाग होता. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि तीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवायची, ही धूळपाटी. मोठी मुले लहानांकडून पाढे म्हणवून घेत. हात आणि कंठ या दोन्हींना तेथे भरपूर काम होते. परंतु ती कृती ठरलेल्या गोष्टीची पुनरावृत्ती होती. मुलाने काही शोधून काढावे, अशी अपेक्षा तीत नव्हती.

५/
तरीही त्या शिक्षणाला व्यवहाराचा भक्कम आधार होता. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे बाजारासाठीच होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असताना हे पाढे रोज उपयोगी पडत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि या पाढ्यांचे प्रयोजन पाहता पाहता संपले. व्यवहार बदलला की वर्गातील कृतीही बदलते, याचे हे ठळक उदाहरण.

६/
एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा आल्या, छापील क्रमिक पुस्तके आली, इयत्ता आणि निरीक्षक आले. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांसाठी ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत सुरू झाली. निरीक्षक येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि किती मुले उत्तीर्ण झाली त्यावर शाळेचे पैसे ठरणार. अशा व्यवस्थेत शिक्षकाने कशावर भर द्यावा, हे वेगळे सांगायला नको. निरीक्षकाला ऐकवता येईल ते पाठ करून घेतले जाई, आणि ऐकवता न येणारे मागे राही.

७/
याच शतकात मराठीत ‘वस्तुपाठ’ हा शब्द रुळला. आज ‘त्यांचे जीवन म्हणजे वस्तुपाठच’ असे आपण सहज म्हणतो. मुळात ही वर्गातील एक पद्धत होती. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या विचारातून ती युरोपात पसरली. शिक्षकाने काच, मीठ, कोळसा यांसारखी वस्तू मुलांसमोर ठेवायची. ती जड की हलकी, पारदर्शक की अपारदर्शक, पाण्यात विरघळते की नाही, हे मुलांनी पाहून सांगायचे. पुढे वर्गातील वस्तू हरवली आणि भाषेत केवळ अलंकार उरला.

८/
हे सारे शाळेत येणाऱ्या मुलांपुरते झाले. मुंबईतील असंख्य मुलांचे हात तेव्हा गिरण्यांत गुंतलेले होते. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. याचा अर्थ असा की सात वर्षांचे मूल कायदेशीरपणे कामावर जाऊ शकत होते, तेही दिवसाला नऊ तास. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि १९२२ मध्ये बारा. ज्या वयात आजचे मूल तिसरीत कागदाची नाव करते, त्या वयात परळ-लालबागमधील मूल सूत सांधत असे.

९/
या पार्श्वभूमीवर १९ ऑक्टोबर १८८२ हा दिवस महत्त्वाचा ठरतो. त्या दिवशी पुण्यात जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला आपले निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी प्रसिद्ध आहे. अभ्यासक्रमाविषयीचा भाग मात्र कमी वाचला जातो. मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आरोग्य आणि नीती यांच्याबरोबर त्यांना शेतीचे ज्ञान हवे होते. ते प्रत्यक्ष करून शिकता यावे म्हणून छोट्या नमुना-शेतांची त्यांनी सूचना केली.

१०/
शिक्षक कसा असावा, हेही फुल्यांनी सांगितले. शेतकरी समाजातून आलेला, मुलांमध्ये मिसळणारा आणि गरज पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्यात कमीपणा न मानणारा. येथे हाताचे काम पुस्तकाच्या जागी आलेले नाही. इतिहास, व्याकरण आणि हिशेब यांच्या शेजारी ते मानाने बसले आहे. श्रमिकांच्या मुलांना हे सर्व एकत्र मिळाले पाहिजे, हा फुल्यांचा आग्रह पुढील संपूर्ण वादाची किल्ली आहे.

११/
१८८५ मध्ये लॉर्ड रे मुंबईचे गव्हर्नर झाले. नेदरलंड्समधील हेग येथे जन्मलेला हा स्कॉटिश उमराव. तांत्रिक शिक्षणात त्यांना विशेष रस होता. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, स्थापन झाली. आरंभी ती भायखळ्याला होती. माटुंग्याला ती १९२३ मध्ये गेली. गिरण्यांना यंत्रे जाणणारी माणसे हवी होती आणि हाताच्या कौशल्याला प्रथमच मोठ्या संस्थेची प्रतिष्ठा लाभत होती.

१२/
रे यांच्याच कारकिर्दीत १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा झाला. त्यातील ६१ व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. गटारे, पाणी, दिवाबत्ती यांच्या यादीत प्राथमिक शाळा चालवणे, त्यांना साहाय्य करणे आणि त्यांना योग्य जागा देणे हेही कर्तव्य आले. ही घटना वाटते त्याहून मोठी आहे. अक्षरओळख आता दानशूरांच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही. नळाच्या पाण्याप्रमाणे ती नगराची जबाबदारी ठरली. मुंबईतील महापालिका शाळांचा कायदेशीर पाया तो हाच.

१३/
पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८८९ रोजी, पंडिता रमाबाईंनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला होता. लोकरीचे चेंडू, लाकडी घन, दंडगोल यांच्याशी खेळताना मुलाला आकार, संख्या आणि भाषा यांची ओळख होते, हे त्या पद्धतीचे सूत्र. शारदा सदनाच्या शिक्षणात त्यांनी या पद्धतीला स्थान दिले. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले.

१४/
भायखळा आणि गिरगाव यांत फार अंतर नाही. एकीकडे हात म्हणजे उद्योगाचे साधन, दुसरीकडे हात म्हणजे विचाराचे प्रवेशद्वार. रे यांना दोन्ही बाजू परिचित असाव्यात असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून वाटते. इंग्लंडला परतल्यावर १८९७ ते १९०४ या काळात ते लंडनच्या स्कूल बोर्डाचे अध्यक्ष होते. त्या महानगरातील सार्वजनिक प्राथमिक शाळा या बोर्डाच्या अखत्यारीत होत्या. लंडनमध्ये तेव्हा प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते. त्यांनी मागे ठेवलेल्या मुंबईत मात्र सक्ती अजून दूर होती.

१५/
ही सक्ती मिळवण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच राज्यभर सक्ती लागू केली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला. ब्रिटिश मुंबईत शहरासाठीचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० मध्ये झाला.

१६/
दरम्यान रे रोडवर रूळ आले होते. १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्गाचा पहिला भाग सुरू झाला. काही वर्षे रे रोड हेच त्याचे शेवटचे स्थानक होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवरची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी याच मार्गाने धावली. त्याच वर्षी महापालिकेने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला, तोही फक्त एफ आणि जी या दोन विभागांत. परळ, शिवडी, माहीम, वरळी हा भाग त्यात येत असे. वीज आणि सक्ती एकाच वर्षी आल्या. सक्तीचा वेग मात्र बराच कमी राहिला.

१७/
मुले शाळेत आली, पण टिकली का? मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकडाच पुढे ठेवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या प्रत्येक शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात; उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. आंबेडकर तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. गळणारी ही मुले त्यांच्या आसपासचीच होती. वर्गातील उत्तमोत्तम कृतीचा लाभ शंभरांतील अठरांनाच मिळणार असेल तर तिचे मोल काय, असा प्रश्न हा आकडा विचारतो.

१८/
१९२९ मध्ये हारटॉग समितीने या गळतीवर बोट ठेवले आणि शाळांची संख्या वाढवण्यापेक्षा आहेत त्या सुधाराव्यात, असा कल दाखवला. याला ठाम विरोध केला तो मुंबई महापालिकेच्या शाळा समितीचे सचिव राहिलेले र. वि. परुळेकर यांनी. गरीब देशाने आधी सर्वांना साक्षर करावे. त्यासाठी वर्ग मोठे झाले, शाळा दोन पाळ्यांत भरल्या तरी चालतील, अशी त्यांची भूमिका होती. परुळेकरांना गुणवत्ता नको होती असे नव्हे. मूठभरांच्या गुणवत्तेची किंमत बाहेर राहिलेली मुले मोजतात, हे त्यांना दिसत होते.

१९/
परंतु मोठ्या वर्गाची किंमतही मुलांनाच मोजावी लागते. साठ मुलांच्या दाटीत वस्तू हातोहात फिरवायला वेळ उरत नाही. उरते ते एकसुरात म्हणणे. याच्या दुसऱ्या टोकाला १९३६ मध्ये ताराबाई मोडक यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह माँटेसरी पद्धतीवर काम करून त्या आल्या होत्या. मूल स्वतः साधन निवडते, स्वतःची चूक स्वतः ओळखते आणि शिक्षिका मागे राहून पाहते, हे दृश्य मध्यमवर्गीय दादरने जवळून पाहिले. पण माँटेसरीची साधने महाग होती आणि वर्ग लहान ठेवावा लागे.

२०/
पाठोपाठ ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींच्या कल्पनेवरून झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा केला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे उद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणिताला. विषय वेगळे शिकवण्याऐवजी उद्योगातूनच ते उलगडावेत, याला ‘समवाय’ म्हणत. सूत कातताना तारांची मोजणी हे गणित, कापूस कुठे पिकतो हा भूगोल, मलमलीच्या व्यापाराची कथा हा इतिहास. मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर या योजनेचे खंदे समर्थक होते.

२१/
टीकाही तेथेच सुरू झाली. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षकाचा पगार निघावा, हा स्वावलंबनाचा मुद्दा अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांना मान्य नव्हता. मुलाचे काम विक्रीला गेले की शाळा आणि कारखाना यांच्यातील सीमा पुसट होते. गिरणगावासाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता. पंधरा वर्षांपूर्वीच बारा वर्षांखालील मुलांची गिरणीतून सुटका झाली होती. ज्यांचे आई-बाप दिवसभर सूत हाताळत, त्यांच्या मुलाने शाळेतही सूतच का कातावे, या शंकेत अनुभव होता.

२२/
ताराबाईंनी स्वतःच्या प्रयोगाची मर्यादा ओळखली, हे त्यांचे मोठेपण. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले. विकतच्या साधनांची जागा शिंपले, गारगोट्या, बिया, पाने आणि काटक्या यांनी घेतली. वारली मुले गुरे चारायला जात, तर शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. साधन महाग असल्यामुळे गरिबाच्या मुलाला कृती परवडत नाही, हा समज तेथे कायमचा मोडला.

२३/
शहरात मात्र कृती वेळापत्रकाच्या एका चौकटीत गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेला ‘कार्यानुभव’ हा सर्व शिक्षणाचा भाग व्हायचा होता. अनेक शाळांत तो आठवड्यातील एखादा तास झाला. भेटकार्ड करून झाले की फळ्यावर पुन्हा गणिताची उदाहरणे. हाताचे काम आणि अभ्यास यांच्यात पुन्हा भिंत उभी राहिली. फुले आणि वर्धा योजना, दोघांनाही नेमकी हीच भिंत पाडायची होती.

२४/
१९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. मानखुर्दला जाण्यापूर्वी अनेक वर्षे हे केंद्र नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीत होते. व्ही. जी. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतील वंचित समाजांच्या मुलांबरोबर काम केले. त्यांच्या लक्षात आले की मुलांना विज्ञानापेक्षा विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा अडते. ती सोपी केली आणि प्रयोगांची जोड दिली की मुले पुढे जातात. हाताने केलेले मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तरच कृतीचे ज्ञान होते.

२५/
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हे दोन्ही धागे एकत्र आणले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्यात कृती, शोध आणि बालकेंद्री रीतीने शिकणे हे अभ्यासक्रमाचे तत्त्व म्हणून नमूद आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक स्तरावर सुमारे तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही आहे. परुळेकरांना हवी असलेली सर्व मुले आणि ताराबाईंना हवा असलेला लहान वर्ग, दोन्ही एकाच कायद्यात आले. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी या दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागेल असे वाटत होते.

२६/
म्हणून वर्गातील दुकानाचा खेळ पाहताना इतिहासाने शिकवलेले तीन प्रश्न विचारावेत. वर्गातील प्रत्येक मुलाच्या हाती वस्तू आली का? खेळ संपल्यावर मुलाने ‘असे का झाले’ हे स्वतःच्या शब्दांत सांगितले का? आणि पहिलीत आलेली सगळी मुले पाचवीत दिसतात का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर साहित्य मातीचे असो वा प्लास्टिकचे, फरक पडत नाही. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर सजवलेला वर्गही निरीक्षकासाठी मांडलेले प्रदर्शन ठरतो.

२७/
रे रोडच्या परिसरात आजही हाताने काम करणाऱ्यांची वस्ती आहे. लोखंड कापणारे, मालाची चढउतार करणारे, गाड्या दुरुस्त करणारे. त्यांची मुले शाळेत माती मळतात, काड्या मोजतात, वितीने बाक मोजतात. ती विती लावताना मूल ‘माझ्या सहा विती, तुझ्या पाच, मग बाक एकच कसा?’ असे विचारते, तेव्हा प्रमाणित मापाची गरज त्याने स्वतः शोधलेली असते. नांगराची मूठ धरणाऱ्या हातात व्याकरणाचे आणि इतिहासाचे पुस्तकही असावे, असे १८८२ च्या निवेदनात मागितले होते. त्या मागणीची पूर्तता अशाच एखाद्या बाकापाशी होत असते.